आईसाठी आया: ओळखीची मावशी ठेवू की ब्युरोची?

ऐरोलीची_लेक

नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची, डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या महिन्यात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. आता घरी आणलंय. नाकातली नळी काढली, खिमट, मऊ वरणभात असं भरवावं लागतं. लघवीची नळी अजून आहे. डायबेटिस जुना, दोन वेळा इन्सुलिन. बाबा ८१ चे. स्वतःचं स्वतः करतात, पण ऐकू कमी येतं आणि आईला उचलणं त्यांच्या हातचं नाही. मी ऐरोलीला राहते, नोकरी आहे, शनिवार-रविवार जाते.

समोर दोन पर्याय आहेत. पहिला, तळमजल्यावरच्या काकूंच्या सासूबाईंना शेवटपर्यंत सांभाळलेल्या एक मावशी. सकाळी ८ ते रात्री ८, महिना २०,०००. चालत दहा मिनिटांवर राहतात. दुसरा, स्टेशनजवळचं आया पुरवणारं एक ब्युरो. दिवसाचे ९५०, म्हणजे महिन्याला २८,५००, वर २,००० नोंदणी आणि पंधरा दिवसांचे आगाऊ. भाऊ अमेरिकेत एडिसनला असतो, पैसे बरेचसे तोच देणार आहे आणि त्याचा हेका एकच: "लायसन्सवाली एजन्सीच घे, उद्या काही झालं तर कोणाला धरणार?" ब्युरोवाल्याने भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स दाखवलं. बाबा म्हणतात, परकी बाई नको, काकूंची मावशी बरी.

ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा. रात्री बाबा असतात, पण तेही पुरेल असं वाटत नाही.

ठाकुर्लीकर

मावशी घ्या. आमच्या वडिलांना ओळखीतल्याच माणसाने सांभाळलं, काही त्रास झाला नाही. आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, गावाकडचा पत्ता घ्या आणि स्वतः पोलीस स्टेशनला देऊन या. उचल एक पगाराच्या वर देऊ नका. एकदा उचल वाढली की ना ती सोडू शकत, ना तुम्ही काढू शकत.

ब्युरोचा आमच्या शेजारी अनुभव असा की दर आठवड्याला नवीन बाई. आजोबा प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचे, माझा डावा गुडघा धरू नको.

निवृत्त_सिस्टर

उभी नोकरी सरकारी हॉस्पिटलात झाली, त्यानंतर काही वर्षं एका ब्युरोत सुपरवायझर होते. म्हणून दोन्हीकडचं बोलते. लांब होईल, वाचा.

आधी ते भिंतीवरचं लायसन्स. बहुतेक ते शॉप अ‍ॅक्टचं असतं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार थोडे असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, त्याची पावती मिळते. तीच फ्रेम करतात. तो कागद सांगतो की इथे एक ऑफिस आहे. त्या ऑफिसातून येणाऱ्या बाईला आजारी माणूस कुशीवर वळवता येतो की नाही, हे कोणी तपासलेलं नसतं. नर्सिंग होमचा आपल्याकडचा कायदा १९४९ चा, तो खाटा टाकलेल्या जागेसाठी आहे. घरोघरी माणसं पाठवणाऱ्यांचा त्यात विचार नाही. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांना नियम लावायची तरतूद होती. ते मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयक रद्द झालं. तेव्हा भावाला सांगा, तो म्हणतो तसलं लायसन्स इथे अजून कोणाकडेच नाही.

मग ब्युरोला ८,५०० जास्त कशाचे? बदलीचे. तुमची बाई आली नाही तर दुसरी पाठवायची, एवढंच खरं काम. ते तरी नीट होतं का? सकाळी सातला फोन येतो, "ताई, आज येत नाही." ऑफिसात वही उघडायची, कोण रिकामं आहे बघायचं, जी आहे तिला पाठवायचं. पेशंटला काय झालंय, गिळताना ठसका लागतो का, हे त्या वहीत नसतं. "लेडीज पेशंट, डायपर, डोंबिवली" एवढंच असतं. आणि बाया येतात टिटवाळा, आसनगावहून. जुलैत रुळावर पाणी आलं की ब्युरोची पहिलीही येत नाही आणि बदलीचीही नाही. तुमची मावशी चालत येते. ही गोष्ट लहान समजू नका.

लोक घाबरतात चोरीला. मी म्हणते, सोनं लॉकरमध्ये ठेवा, एटीएम कार्ड बाबांच्या पाकिटात नको, विषय संपला. घरात आया ठेवल्यावर माणसं ज्याने जातात ते वेगळंच असतं. घास छातीत जातो, माकडहाडावर जखम होते, संडासात पडतात, इन्सुलिन चुकतं. यातलं काहीही पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये कळत नाही. म्हणून खासगी असो की ब्युरोची, पहिल्या दिवशी रजा काढा आणि शेजारी उभं राहून बघा.

पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची आईच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावते का? स्वतः उजवीकडे, गेलेल्या बाजूला उभी राहते का? उजवा हात धरून ओढला की थांबवा, त्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, निखळतो. भरवताना आईला ताठ बसवते का, हनुवटी किंचित खाली? मागे टेकवून, मान वर करून भरवणारी बाई कितीही प्रेमळ असो, नको. घास झाल्यावर उजव्या गालात बोट फिरवायला सांगा, तिकडे भात साचतो आणि आईला कळत नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. कुशीवर घेताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवणाऱ्या "दहा वर्षं अनुभवी" बाया मी पाहिल्यात. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाच, खुबा रोज बघायचं. लाल डागावर बोट दाबलं आणि लाली गेली नाही तर जखम सुरू झाली समजा, त्या दिवशीच डॉक्टरांना फोटो पाठवा.

काकूंच्या सासूबाईंना पक्षाघात होता का, हेही विचारा. नुसत्या म्हाताऱ्या, चालत्याफिरत्या बाईला सांभाळणं वेगळं. शेवटपर्यंत सांभाळलं हे खरं असेल, पण त्यांना काय झालं होतं?

इन्सुलिन मावशीकडे देऊच नका. ब्युरोच्या आयांनाही देऊ नका. बाबांना दिसतं नीट? तर त्यांनी द्यावं, किंवा जवळची सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊन देईल. आणि आज घरी फोन करून बाटली आणि सिरिंज तपासायला सांगा. आपल्याकडे बाटल्या बऱ्याचशा ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतात, त्यांची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची सिरिंज नारंगी टोपीची. मेडिकलमध्ये "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की हाताला येईल ती देतात. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो, कमी किंवा जास्त.

आणखी एक. पांढरा अ‍ॅप्रन घातला म्हणून सिस्टर होत नाही. नळी बदलायला, जखमेचं ड्रेसिंग करायला जी येईल ती एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचं रीतसर शिक्षण झालेली) हवी आणि तिच्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. मागायला लाजू नका, खरी सिस्टर दाखवते.

चोवीस तासांची एकच बाई ठेवू नका. ती रात्री झोपणारच, तिनं झोपायलाच हवं. रात्रीचं वेगळं बघा, निदान पहिले दोन महिने.

माझं मत मागितलंत तर: मावशी ठेवा, पण एकटी मावशी नको. तिलाच विचारा, तुझी बहीण, जाऊ, कोणी हे काम करणारी आहे का? दोघींना एकत्र शिकवा, दुसरीला आठवड्यातून एक दिवस बोलवा. तोच मावशीचा सुट्टीचा दिवस. मग खाडा झाला तरी घरात येणारं माणूस आईला ओळखत असेल. दुसरी मिळत नसेल आणि तुम्हाला तासाभराच्या निरोपावर ऐरोलीहून निघता येत नसेल, तर मग ब्युरो घ्या. तिथे एवढंच लेखी घ्या की पहिल्या आठवड्यात सुपरवायझर घरी येऊन बघेल आणि बदलीची बाई एकदा तरी आधी दाखवायला आणतील. नाही म्हणाले तर पुढचं ब्युरो.

जर्सीकर_काकू

भाऊ एडिसनचा आहे म्हणून लिहिते. तो काय डोक्यात धरून बोलतोय ते मला कळतंय. इथे न्यू जर्सीत घरी येणाऱ्या बाईला सर्टिफाइड होम हेल्थ एड व्हायला ७६ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं, सर्टिफिकेट नर्सिंग बोर्ड देतं, नाव ऑनलाइन तपासता येतं. एजन्सीची राज्याकडे नोंदणी असते आणि एड नर्सच्या देखरेखीखाली काम करते. आमच्या सासूबाईंना अशीच एक गुजराती बाई होती. नर्सने येऊन काय करायचं, काय नाही याचा कागद लिहून फ्रिजवर लावला होता. बाईला औषधाची गोळी स्वतःहून द्यायची परवानगी नव्हती, डबी समोर ठेवायची आणि आठवण करायची.

इथेही लोक रोख पैशात परस्पर बाई ठेवतात, बरेच आपलेच लोक. मग कायद्याने घरचा माणूस मालक होतो. वर्षाकाठी ठराविक रक्कम (२०२५ ला ती २,८०० डॉलर होती) किंवा जास्त दिली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर भरावा लागतो, दोघांचा मिळून १५.३ टक्के, आणि तो टॅक्स रिटर्नला जोडून दाखवावा लागतो. बाई जिन्यावरून पडली तर तिचा दावा घरावर येतो. म्हणून तो "कोणाला धरणार" म्हणतोय. इथे ते बरोबर आहे. पण तेच शब्द डोंबिवलीच्या ब्युरोला लावून उपयोग नाही, सिस्टरबाईंनी सांगितलंच. त्याला हा धागा पाठवा. आणि लायसन्सवर चालवायची ऊर्जा त्याने रोज व्हिडिओ कॉलवर आईची टाच बघण्यात घालवावी. माझा नवरा हेच करतो, त्याच्या मावशीसाठी.

बदलापूर_लोकल

माझी आई आयाचं काम करते. तिच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवं.

ब्युरो पेशंटकडून ९५० घेतं, आईच्या हातात ६५० येतात. खाडा झाला तर ते नाहीत, उलट ब्युरो बदलीचा दंड म्हणून कापतं. पेशंटला काय आजार आहे ते सांगत नाहीत. एका घरी आजोबांना टीबी होता हे आईला औषधाच्या पाकिटावरून कळलं, तेही मी वाचलं म्हणून. बारा तासांत बसायला स्टूल नाही, जेवायला कालचं, संडास वेगळा वापर म्हणायचं. मग बाई टिकत नाही आणि लोक म्हणतात, ब्युरोच्या बाया दर आठवड्याला बदलतात. ठाकुर्लीकर काकांनी त्या शेजारच्यांना विचारावं की बाया का बदलत होत्या.

चोरीचं पण. एका घरात अंगठी सापडेना, आईची पिशवी सगळ्यांसमोर ओतली, ब्युरोने तोच पेशंट काढून घेतला आणि महिनाभर ड्युटी दिली नाही. अंगठी नंतर कपाटातल्या साडीच्या घडीत मिळाली. फोन करून सांगायचं त्यांना सुचलं नाही. त्यामुळे कामाला लागायच्या दिवशी घरातलं सोनं-पैसे बाईच्या हाताशी राहणारच नाहीत असं करा, ते तिच्यासाठीपण सुरक्षित असतं. कॅमेरा लावणार असाल तर हॉलमध्ये लावा आणि तिला सांगून लावा. आईला एका घरी कॅमेरा आहे हे बोळ्यातून पाणी पाजताना वरून आवाज आला तेव्हा कळलं, भांडं हातातून पडलं.

मावशी ठेवणार असाल तर २०,००० कशाचे ते एका कागदावर लिहा. स्वयंपाक, भांडी, बाबांचे कपडे त्यात आहेत का? नंतर "जरा कुकर लाव" असं सुरू होतं, आणि कुकरला गेली की इकडे दोन तासांची कूस राहते. आठवड्याची सुट्टी पगारी द्या. पगार बँकेत द्या, दोघांनाही पुरावा राहतो. घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी नसेल तर तिला ती करायला मदत करा, २००८ चा कायदा आहे, बायकांना माहीतच नसतं. कंबर उचलून उचलून जाते, तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटला एकटीने खाली उतरवायला लावू नका. हॉस्पिटलला न्यायचं असेल त्या दिवशी चार माणसं बोलवा.

कोर्टकचेरी

थोडं कायद्याचं, कारण "कोणाला धरणार" हा प्रश्न अर्धवट राहिला.

ब्युरोला पैसे देऊन सेवा घेतली तर तुम्ही ग्राहक आहात. बदली दिली नाही, आगाऊ रक्कम परत केली नाही, प्रशिक्षित म्हणून अप्रशिक्षित पाठवली, यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पावती मात्र हवी. "पावती दिली तर टॅक्स लागेल" म्हणणाऱ्या ब्युरोत पुढचं बोलूच नका. मावशी थेट तुमच्या पगारावर असेल तर तो वैयक्तिक सेवेचा करार होतो, तो या कायद्यातून वगळलेला आहे. म्हणजे भावाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, फक्त लायसन्सशी त्याचा संबंध नाही, पावतीशी आहे.

चोरीचा गुन्हा दोन्हीकडे सारखाच. पगारी माणसाने मालकाच्या घरात केलेली चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, सात वर्षांपर्यंत. तक्रार तुम्ही करायची, ब्युरो तुमच्यासाठी करत नाही.

ब्युरोच्या करारात बारीक अक्षरात एक अट असते, आमची बाई परस्पर ठेवल्यास इतका दंड. सही करण्याआधी वाचा. तुमची मावशी त्याच ब्युरोच्या वहीत असेल तर? विचारून घ्या, डोंबिवली तशी लहान आहे.

वडीलधाऱ्यांना मारहाण, उपासमार असं काही दिसलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन बाबांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

ऐरोलीची_लेक

सगळ्यांचे आभार. भावाला धागा पाठवला, वाचून गप्प आहे, म्हणजे पटलंय.

मावशींशी बोलले. काकूंच्या सासूबाईंना पक्षाघात नव्हता, खुब्याचं हाड मोडलं होतं. पण मावशी स्वतःच म्हणाल्या की हॉस्पिटलात फिजिओ काय करतात ते एकदा बघायला नेत असाल तर येते, मला जमेल. त्यांची जाऊ पूर्वी एका बाळंतिणीकडे जायची, आता रिकामी आहे. रविवारी दोघी येतायत.

बदलापूर_लोकल, कुकरचं वाचून आमच्या कागदातून "हलका स्वयंपाक" खोडला. पोळ्यांना वेगळी बाई आहेच.

सिस्टर, एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून बाबांना व्हिडिओवर इन्सुलिन दाखवायला सांगितलं. बाटलीवर ४० लिहिलंय. सिरिंजची टोपी नारंगी आहे. घरी आल्यापासून आईची उपाशीपोटी साखर २६०-२८० येतेय म्हणून डॉक्टरांनी सोमवारी डोस १२ चा २० केला. आता काय करू, मेडिकलमधून लाल टोपीच्या आणून २० द्यायला सांगू का?

निवृत्त_सिस्टर

थांबा, तसं करू नका. नारंगी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ४० चं इन्सुलिन भरलं तर आत ८ युनिट जातात. आधी १२ म्हणून पाच जात होते. डॉक्टरांनी डोस वाढवला तो आकडा बघून, त्यांना सिरिंज माहीत नाही. आज एकदम लाल सिरिंजने खरे २० दिले तर अडीच पट उडी होईल, आईची साखर रात्री खाली जाईल आणि तिला नीट बोलता येत नाही, बाबांना ऐकू येत नाही.

संध्याकाळच्या डोसाच्या आधी डॉक्टरांना फोन करा, बाटली आणि सिरिंजचा एकत्र फोटो पाठवा आणि सांगा की खरे ८ जात होते. ते जो आकडा देतील तो लाल टोपीच्या सिरिंजवरचा आहे ना, हे त्यांच्याकडून परत वदवून घ्या. नारंगी सिरिंजा घरात ठेवू नका, सगळ्या परत करा. आज रात्री कोणीतरी ग्लुकोमीटर घेऊन आईजवळ हवं. घाम, थरथर, गुंगी वाटली की लगेच साखर बघायची. ७० च्या खाली असेल आणि शुद्धीत, गिळू शकत असेल तर बसवून ग्लुकोज द्यायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. तुम्हाला जाता येईल का आज?